दोन जादा पाटे

आमच्या मोसंबीच्या बागेतून डांबरी रस्त्यावर यायचे तर मध्ये एक नाला ओलांडावा लागतो. नाला मोठा नाही. उन्हाळ्यात तर त्यात बाभळीच्या सावलीपलीकडे काही नसते. पण पलीकडच्या काठाची चढण तिरकी आहे, आणि बैलगाड्यांच्या दिवसांपासून तिची एका बाजूची चाकोरी हातभर खोल गेलेली आहे. चढताना गाडीचे मागचे एक चाक उंचवट्यावर असते आणि दुसरे त्या चाकोरीत. जमीन काळी, चिकट. नुसते दव पडले तरी निसरडी होते. या पंचवीस-तीस पावलांच्या चढणीवरून माझा धाकटा भाऊ घर सोडून गेला. तो का गेला हे गावात वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितले जाते, आणि त्यातली एक तऱ्हा मीच पसरवलेली आहे. म्हणून हे लिहितो आहे. लिहिताना स्वतःला सवलत द्यायची नाही, एवढेच ठरवले आहे.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. दहावीत नापास झाल्यावर त्याने शाळेकडे पाठ फिरवली आणि तो ट्रकवर गेला. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. वडील गेल्यावर शेताकडे पाहणारे कोणी उरले नाही, तेव्हा मीच निरोप पाठवून त्याला बोलावून घेतले. तो बायको-मुलांसह आला, पण आल्या दिवशीच ओट्यावर बसून म्हणाला, "दादा, बाग मी सांभाळतो. गाडी घ्या, तीबी मीच चालवतो. पण गाडीचं मला कळतं, तेवढं माझ्यावर सोडा. न्हाई जमलं तर मी परत लाईनवर जाईन." लाईन म्हणजे ट्रकची लाईन. मी मान हलवली. बोलावलेल्या माणसाची ती एकच अट होती. ती किती लहान आहे हे मला त्या वेळी दिसले नाही, कारण मला ती उद्धट वाटली होती.

आम्ही एक जुनी पिकअप घेतली. कागदपत्रे माझ्या नावावर झाली. त्या वेळी त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

पहिल्याच तोडणीला चढणीने आपला स्वभाव दाखवला. आमच्याकडे नाल्यातून गाडी पूर्ण भरून आणत नाहीत, कारण काळ्या जमिनीत ती पोटापर्यंत रुतते. अर्धी भरायची, नाला ओलांडून क्रेट रस्त्याच्या कडेला उतरवायचे, पुन्हा जायचे, आणि शेवटी सगळा माल एकत्र करून जालन्याच्या बाजारात न्यायचा. तर ही अर्धी गाडी चढणीच्या मध्यावर आली की चाकोरीतले चाक जागच्या जागी गरगर फिरे आणि गाडी तसूभर पुढे सरकत नसे. मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर. शेजारी गाडी ओढून देई, पण दोर सोडताना एखादा शब्द टाकल्याशिवाय राहत नसे. "मास्तर, गाडी वापरायला घेतली का पाळायला?" तोडणीच्या बायका हसत. भाऊही हसे. मी हसत नसे.

हंगाम संपल्यावर मागच्या ॲक्सलचे काम करून घ्यायचे ठरले. पिकअपला मागे पोलादी पट्ट्यांचे थर असतात, एकावर एक, धनुष्यासारखे वाकलेले. त्यांना पाटे म्हणतात. गाडीचा मागचा सगळा भार त्या पाट्यांवर असतो आणि पाटे ॲक्सलवर. काय करायचे याबद्दल भावाचे मत पक्के होते. त्याने ते मला जेवताना, पाण्याचे दोन पेले ताटाच्या दोन बाजूंना ठेवून समजावले.

"आपले पाटे जुने, अन् एकदम कडक. खालचा जाड पाटा काढून टाकू. वरचे लांब पाटे नवे घेऊ, पातळ. शॉकअप नवे. अन् पूर्ण मालासाठी मधी रबराचा ठोकळा बसवू. गाडी भरली की ठोकळ्यावर बसंल, अर्धी असली की पाटे मोकळे राहतील. मंग चाक चाकोरीत गेलं तर पाटा वाकून त्याला खाली जमिनीपर्यंत सोडंल. चाक जमिनीला राह्यलं पाहिजे दादा, बाकी काही न्हाई."

मी म्हणालो, "म्हणजे पाटे कमी करून गाडी मजबूत करायची?"

"मजबूत कोण म्हणतंय. चढली पाहिजे."

माझे मत उलट होते, आणि ते मी वर्गात बोलतो त्या संथ आवाजात मांडले. स्प्रिंग जितकी कडक तितकी ती अधिक जोराने ढकलते. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. म्हणजे पाटे वाढवले तर चाकावरचा दाब वाढेल, आणि दाब वाढला की पकड वाढेल. शिवाय माल जास्त बसेल. शिवाय आमच्या भागात मागून उंच उठलेली गाडी दिसली की लोक म्हणतात, गाडी तयार केली आहे. हे तिसरे कारण मी बोलून दाखवले नाही. पण तिन्हींत तेच सर्वांत जड होते.

माझी चूक कुठे होती ते मला आज दोन वाक्यांत सांगता येते. पाटा भार निर्माण करत नाही. भार गाडीचा आणि मालाचा असतो, पाटा तो दोन चाकांत वाटून देतो. जो पाटा वाकत नाही तो वाटूनही देत नाही, आणि मग एक चाक सगळा भार घेते, दुसरे हवेत फिरत राहते. दहावी नापास माणसाला हे हाताने कळले होते. मला नियम पाठ होता.

शहागडला हायवेच्या कडेला पाट्यांचे काम करणारा एक मिस्त्री आहे. भट्टी, घण, आणि लाल झालेल्या पाट्याला पुन्हा कमान देणारी त्याची दोन माणसे. त्या सकाळी तिथे चार-पाच ट्रकवाले आपापल्या गाड्यांची वाट पाहत बाजेवर बसले होते. त्यातले दोघे भावाला ओळखत होते. त्यांनी त्याला जागा करून दिली, चहा मागवला, आणि त्याने मिस्त्रीला काय हवे ते सांगितले. मिस्त्री ऐकून म्हणाला, "बराबर. नाल्याचा रस्ता असंल तर हेच."

मी मागे उभा होतो. माझ्या गाडीचा निर्णय माझ्याकडे न पाहता होत होता, एवढेच मला ऐकू येत होते. मी पुढे होऊन म्हणालो, "पाटे काढायचे नाहीत. दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा टाका."

भाऊ म्हणाला, "दादा, आपलं बोलणं झाल्तं न."

"तुझं बोलणं झालं होतं. माझं नव्हतं."

मिस्त्री दोघांकडे पाहू लागला. "सर, जादा पाटे हे डांबरावरच्या ओव्हरलोडला. तुमच्या रस्त्याला चाक उचलंल. हे भाऊ बराबर सांगून राह्यले, त्यांना अनुभव हाय."

तेव्हा मी ते वाक्य बोललो. माझा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नाही, आणि पुष्कळ लोक त्यालाच माझा चांगुलपणा समजतात. मी म्हणालो, "स्टिअरिंगमागे बसून अक्कल आली असती तर सरकारने शाळा कशाला काढल्या असत्या? ड्रायव्हरने गाडी चालवावी. गाडी कशी असावी हे मालक ठरवील."

बाजेवरचे एक-दोघे हसले. ज्याने चहा मागवला होता तो मात्र हसला नाही. भावाने ग्लास खाली ठेवला आणि तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

पाटे टाकून झाल्यावर मिस्त्रीने त्याच्या नेहमीच्या रीतीने गाडी तपासली. मागचे एक चाक लाकडी ओंडक्यावर चढवले, दुसऱ्या चाकाखाली रिकामे पोते घातले आणि पोत्याचे टोक धरून ओढले. चाकाने पोते दाबून धरले तर पाटे बरोबर. पोते सुटून आले तर त्या चाकावर भार नाही. पोते एका हाताने, सहज, सरसर बाहेर आले. त्याने ते माझ्यासमोर धरले.

"गाडी रिकामी आहे," मी म्हणालो.

"सर, अर्धी भरली तरी असंच येईल. काढू का? अजून बोल्ट गरम हायत."

मी म्हणालो, राहू द्या. ज्या क्षणी पोते हलले त्याच क्षणी मला कळले होते की मी चुकलो. इतके स्वच्छ मला क्वचितच काही कळले आहे. पण चार माणसे पाहत होती, आणि रस्त्यापलीकडे पाठ करून उभा असलेला एक जण होता. चूक कबूल करायला जेवढे बळ लागते त्याच्या दुप्पट बळ मी ती जपायला वापरले. परतीच्या वाटेवर गाडी भाऊ चालवत होता. खड्ड्यांवरून गाडी मागून उडत होती. प्रत्येक उडीला भाऊ किंचित मान हलवी आणि मला ती मान मोडावीशी वाटे. हा शब्द मी विचार करून लिहिला आहे.

पुढच्या तोडणीला त्याने गाडी नाल्यात घालायला नकार दिला नाही. तो चालवत राहिला, अडत राहिला, ट्रॅक्टर बोलावत राहिला. माझ्यापुरते तो दोनच शब्द बोलत असे: "अडली", "निघाली". जेवायला तो माझ्या आधी किंवा माझ्यानंतर बसे. त्याची बायको मला वाढताना ताटाकडे पाहत असे, माझ्याकडे नाही. एकदा तिने माझ्या पत्नीला, मी ऐकावे अशा बेताने विचारले, "आक्का, मालकांना चहा नेऊन देऊ का?" घरात मला मालक कोणी म्हणत नसे. शहागडचे वाक्य घरापर्यंत पोचले होते.

त्या आठवड्यातला रविवार. रात्री थोडा शिडकावा झाला होता. मी सकाळी बागेत गेलो आणि भावाला म्हणालो, "किल्ली दे. आज मी नेतो. गाडीला रेस देता आली पाहिजे, नुसते पाट्यांना दोष देऊन चालत नाही."

त्याने किल्ली दिली. हातात दिली नाही, क्रेटवर ठेवली.

चढणीच्या मध्यावर, नेहमीच्या जागी, चाक फिरू लागले. मी रेस वाढवली. चाकोरीतून चिखल उडू लागला. काठावर तोडणीच्या बायका थांबून पाहत होत्या. आरशात मला भाऊ दिसला. तो कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांची एक पेंढी आणि दोन दगड घेऊन आला आणि त्या चाकामागे वाकला. मी पाय काढला होता, म्हणून तो वाकला. त्याने पऱ्हाट्या घातल्या, एक दगड सारला, आणि दुसरा सारत होता तोच मी पुन्हा हळू रेस देऊ लागलो. तो ओरडला, "थांबा, दादा."

मला ऐकू आले.

शब्द ऐकू आला आणि त्यातला हुकूमही ऐकू आला. काठावर बायका होत्या, धाकटा भाऊ मला थांबायला सांगत होता, आणि मी रेस दिली. पाव क्षणही नसेल. दगड चाकाखालून सुटला आणि त्याच्या तोंडावर बसला. वरचे समोरचे तीन दात गेले, ओठ फाटला. तो चिखलातच बसला. बायकांनीच त्याला उठवले. मी दार उघडून उतरलो तेव्हा त्यांनी मला वाट दिली नाही.

दवाखान्यात, घरी, गावात, शाळेत, ज्याने विचारले त्याला मी एकच सांगितले: इंजिनच्या आवाजात मला त्याचे शब्द ऐकू आले नाहीत. सगळ्यांना ते पटले. असे होऊ शकते. मला सहानुभूतीही मिळाली. एक सहकारी म्हणाला, तुमच्या मनाला किती लागले असेल. मी म्हणालो, हो.

टाके निघाल्यावर भाऊ शहागडला गेला, ओळखीच्या मालकाच्या ट्रकवर. जाताना मला म्हणाला, "सांगितलं होतं तसं." महिन्याभराने तो बायको-मुलांनाही घेऊन गेला. भांडण झाले नाही, वाटणी मागितली नाही. गावात लोक म्हणाले, दात गेले म्हणून रागावला. मी ते खोडले नाही. दातांचा राग समजण्यासारखा असतो, आणि अपघाताला कोणी दोषी नसते.

दीड वर्ष असे गेले. या काळात मी गाडी स्वतः चालवली आणि प्रत्येक खेपेला अडलो. शेजाऱ्याने टोमणे मारणे बंद केले होते. तो निमूट दोर बांधे, ओढी आणि निघून जाई. टोमणा मारण्याइतकाही मी त्याचा उरलो नव्हतो.

गेल्या उन्हाळ्यात मी शहागडला त्याच्या खोलीवर गेलो. तो फेरीवरून आला होता, दाराशी बसून पाय धूत होता. बोलताना त्याने उपरण्याचे टोक तोंडासमोर धरले. ही सवय त्याला नव्हती. त्याची बायको आतून म्हणाली, "बसा म्हणावं." मला उद्देशून नाही, त्याला.

मी उभ्यानेच सांगितले. पाट्यांचे सांगितले. मग म्हणालो, "त्या दिवशी तू थांबा म्हणालास ते मला ऐकू आलं होतं. मी खोटं सांगत आलो."

तो पाय पुसत राहिला. "मला म्हाईत हाय."

"कसं?"

"अठरा वर्षं इंजिन ऐकून राह्यलो मी. मी थांबा म्हणलो तवा तुमचा पाय एकदम वर गेला. रेस खाली आली. अन् मंग वाढली. ज्याला ऐकू येत न्हाई त्याचा पाय वर कशाला जाईल?"

मला हे आठवत नव्हते. आता आठवते. माझ्या पायाने त्याचे ऐकले होते. त्याच्यानंतर मी आडवा आलो.

"मग तू कोणाला बोलला का नाहीस?"

"कोणाला बोलू? तुम्ही मास्तर. मी बोललो असतो तर म्हणले असते, दात गेले म्हणून भावावर आळ घेऊन राह्यला." त्याने उपरणे खाली केले. ओठावरची खूण पांढरी होती. "अन् दातांचं जाऊ द्या. ते तुम्ही मला येऊन सांगितलं, माझ्यापुरतं ऐकलं. पण मिस्त्रीच्या दुकानात जे बोलले ते काही माझ्या खोलीत येऊन न्हाई बोलले. चार माणसांत बोलले. ते चार माणसांतच परत घ्यावं लागतं. त्याच्यानंतर त्या दुकानासमोरून मी रोज गाडी काढतो, दादा. अजून मला तिथं कोणी अक्कलवान म्हणून चिडवतं."

मी म्हणालो, उद्या येतो, गाडी घेऊन. तो म्हणाला, "या. मी थांबंन. पण मी तिथं काही बोलणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिकअप मिस्त्रीच्या दारात लावली. भाऊ आधीच येऊन भट्टीपासून लांब उभा होता. बाजेवर पाच जण होते, आणि त्यांतला एकही मला ओळखीचा नव्हता. मी पाठ केलेले बोलायला सुरुवात केली. म्हणालो की मागे मी याच ठिकाणी माझ्या भावाचा अपमान केला, गाडीबद्दल तो बरोबर होता, मी चूक होतो, आणि तेव्हाच मला ते कळले होते.

बाजेवरच्या एकाने कानामागची बिडी काढून हातात घेतली. "सर, आम्हाला कशाला सांगून राह्यले? आम्ही तर बीडचे."

दुसरा म्हणाला, "ऐक की. फुकट हाय."

हशा झाला. मिस्त्री घण टेकवून म्हणाला, "सर, तवाची माणसं गेली. हे दुसरे हायत. ते कवा येतील, कोणाला म्हाईत." त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती, तो मला एक अडचण समजावून सांगत होता. मी म्हणालो, जे आहेत त्यांच्यापुढे सांगतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितले. या वेळी कोणी हसले नाही, पण कोणी ऐकलेही नाही. एक जण मोबाइल पाहू लागला, एक उठून भट्टीकडे गेला. अपमान एका वाक्यात झाला होता आणि दीड-दोन वर्षे पुरला होता. माफी दोनदा मागूनही ती बाजेपलीकडे गेली नाही. ज्याच्यासाठी होती तो ऐकत होता की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला वाचता आले नाही.

मग मिस्त्रीने विचारले, "आता काय करायचं गाडीचं?"

मी भावाकडे पाहिले. तो पुढे आला आणि माझ्याशी नाही, मिस्त्रीशी बोलला. जादा पाटे काढा, खालचा जाडही काढा, वरचे नवे, शॉकअप या मापाचे, ठोकळा असा. गाडीखाली निजून त्याने पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट स्वतः तपासले. चार तास लागले. या चार तासांत मी त्याला दोनदा चहा विचारला आणि दोनदा तो म्हणाला, "झाला."

काम झाल्यावर त्याने गाडी हायवेच्या कडेच्या पाण्याच्या चारीत घातली, एक चाक वर, एक चाक खाली, आणि रेस फारशी न वाढवता बाहेर काढली. मागची दोन्ही चाके जमीन धरून वर आली. बाजेवरच्या बीडच्या माणसाने मान डोलावली. भावाने गाडी माझ्यासमोर आणून लावली, बंद केली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

मी विचारले, "घरी कधी येतोस?"

"गाडी बराबर झाली न," तो म्हणाला. "आता माझं तिथं काय काम?"

मी म्हणालो, "गाडीसाठी बोलावत नाही."

"मला तर गाडीसाठीच बोलावलं होतं." त्याने उपरण्याने हातावरचे वंगण पुसले. बोलताना त्याने तोंड झाकले नव्हते, आणि त्या दातांच्या जागेकडे मी पाहिले हे त्याने पाहिले. "दसऱ्याला वहिनीच्या पाया पडायला येतील पोरं. मी लाईनवर असंन."

रस्त्यावर दोन्ही बाजूंनी ट्रक येत होते. त्याने दोन्हीकडे पाहिले, मध्ये फट मिळेपर्यंत थांबला आणि पलीकडे निघून गेला. मी गाडीत बसून राहिलो. थोड्या वेळाने मिस्त्रीने काचेवर टकटक केली आणि गाडी जरा पुढे घ्यायला सांगितली. मागे दुसरे गिऱ्हाईक उभे होते.